वारीची वळकटी : काय घ्यावे आणि कोठे ठेवावे



ज्येष्ठ लागला की वारकऱ्याच्या घरी लगबग सुरू होते. माळ्यावरची पिशवी खाली येते, सतरंजी उन्हात पडते, टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात. घरातले प्रत्येक माणूस जाणाऱ्याला काही ना काही सुचवू लागते. सून म्हणते, "आत्याबाई, आणखी एक शाल घ्या." मुलगा म्हणतो, "बिस्किटांचे पुडे चार-सहा असू देत." शेजारीण म्हणते, "घ्या हो, लागलं तर असावं!" या 'लागलं तर'ने वारकऱ्यांचे जितके खांदे मोडले असतील, तितके दिवे घाटानेही मोडले नसतील.

वारीला जाताना सामान काय न्यावे, हा विषय वरवर पाहता अगदी प्रापंचिक आहे. कीर्तनात त्याला जागा नाही, प्रवचनात त्याचे निरूपण नाही. परंतु ज्याने एकदा तरी पायी वारी केली त्याला ठाऊक आहे, की चुकीच्या बांधलेल्या बोचक्याने नामस्मरणात जितका व्यत्यय येतो तितका ऊन-पावसानेही येत नाही. खांदा ठणकत असला की चित्त खांद्यावर बसते. औषधाची पिशवी मागे राहिली की चित्त ट्रकात बसते. म्हणून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी, आणि वर्षानुवर्षे जाणाऱ्यांनीही एकदा आपले बोचके तपासून पाहावे यासाठी, हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडला आहे.

ओझ्याचा हिशेब

आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघालेला वारकरी पंढरपुरापर्यंत सुमारे २५० किलोमीटर चालतो. किलोमीटरला साधारण १३०० ते १५०० पावले धरली, तर एकंदर सव्वातीन ते पावणेचार लाख पावले पडतात. पिशवीत एक किलो जास्तीचा ठेवला, तर तो किलो इतक्या वेळा आपल्या गुडघ्यांवर आदळतो. घरच्या तराजूत किलो हा किलोच असतो. जेजुरी सोडून वाल्ह्याकडे चालताना उन्हाच्या वेळी तो किलो राहत नाही.

कोणी म्हणेल, "आम्हाला काय त्याचं? आमचं सामान दिंडीच्या ट्रकात असतं." ठीक आहे. आता ट्रकाचाही हिशेब करू. दोनशे माणसांची दिंडी आहे असे धरा. प्रत्येकाने 'लागलं तर' म्हणून पाच-पाच किलो जास्त घेतले. झाले हजार किलो! हे हजार किलो ट्रकात आपोआप चढत नाहीत. पहाटे अंधारात कोणीतरी एकेक बोचके वर फेकतो, वर उभा असलेला ते रचतो, आणि मुक्कामाच्या गावी तेच बोचके पुन्हा खाली उतरते. म्हणजे वाटचालीच्या दर दिवशी आपले ओझे दोनदा दुसऱ्याच्या हाताने उचलले जाते. उचलणारी पोरे आपल्याच दिंडीची असतात. सामान उतरवून झाले की तंबू ठोकायचे आणि पाणी भरायचे काम पुन्हा त्यांच्याच अंगावर असते. वाटेत भेटेल त्याला आपण 'माउली' म्हणून नमस्कार करतो. त्याच माउलीच्या कंबरेला आपल्या जास्तीच्या सामानाने लचक भरावी, हे काही बरे दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ज्या म्हातारबाबांच्या पायाला फोड आले, जी माउली तापाने फणफणली, तिला घटकाभर टेकायला दिंडीच्या गाडीत जागा लागते. ती जागा रिकाम्या डब्यांनी आणि न वापरलेल्या शालींनी भरलेली असेल, तर त्या माणसाने कोठे जावे?

तेव्हा सामान भरताना प्रश्नच बदलावा. 'हे लागेल का?' असे मनाला विचारले, तर मन नेहमी 'हो' म्हणते. मनाचा स्वभावच तो. त्याऐवजी विचारावे, 'हे नसले तर माझे किंवा बरोबरच्यांचे काय अडेल?' शाल एकच नेली तर काही अडत नाही. रक्तदाबाची गोळी नसली तर अडते, आणि तुमच्याबरोबर साऱ्या दिंडीचे अडते. या एका प्रश्नावर निम्मे बोचके रिकामे होते.

जुन्या लोकांची पडशी

पूर्वीचे वारकरी काय नेत होते ते पाहण्यासारखे आहे. माउलींच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास दिले. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले, लष्करी तळाची व्यवस्था पाहिलेले गृहस्थ. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे येऊ लागले, तंबूची सोय झाली. पुढे दिंड्या वाढल्या तशा बैलगाड्याही आल्या. तरी सामान्य वारकऱ्याचा भरवसा आपल्या खांद्यावरच्या पडशीवर असे.

पडशी म्हणजे दोन्ही टोकांना तोंड शिवलेली जाड कापडाची पिशवी. ती खांद्यावर अशी टाकायची की निम्मा भार पुढे आणि निम्मा मागे राहावा. पुढे हरिपाठ, शिदोरी, गोपीचंदन आणि बुक्का. मागे धोतर, तांब्या आणि दोरी. भार दोन्हीकडे सारखा असल्यामुळे माणूस एका अंगाला कलत नसे. आजही एका खांद्यावर जड पिशवी लटकवून चालणाऱ्याची कंबर तिसऱ्या दिवशी बोलू लागते, त्याचे कारण हेच आहे. आपली पिशवी कोणत्याही घाटाची असो, तिचे दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यावेत, किंवा दर विसाव्याला खांदा बदलावा.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट अशी, की जुन्या लोकांची एक वस्तू चार कामे करी. घोंगडे रात्री अंथरायला, पहाटे पांघरायला, पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला आणि तळावर चार माणसांना बसायला उपयोगी पडे. उपरण्याने अंग पुसावे, तेच उन्हात डोक्याला गुंडाळावे, त्यातच चुरमुरे बांधून घ्यावेत. एका कामाची वस्तू नेण्यापूर्वी तिच्याऐवजी जवळची दुसरी वस्तू चालेल का, हे आजही पाहावे.

मात्र जुने ते सगळेच डोळे मिटून उचलू नये. चांगले घोंगडे दोन-तीन किलोंचे भरते, आणि भिजल्यावर किती भरते ते वाहणाऱ्यालाच ठाऊक! लोकर ओली असतानाही ऊब देते, हा तिचा गुण खरा. म्हणून घोंगडे गाडीत मुक्कामासाठी असू द्यावे. चालताना पावसाला प्लॅस्टिकचा कागद पुरे. तो हलका असतो, झटकला की कोरडा होतो, आणि त्याचीही खोळ होते.

वाटेची हवा

आषाढी म्हणजे पाऊस, असे समजून पुष्कळ लोक केवळ पावसाची तयारी करतात. वाट सगळी सारखी नाही. आळंदी, पुणे आणि दिवे घाट येथे पाऊस गाठण्याचा संभव जास्त. सासवड-जेजुरीपासून हवा कोरडी होत जाते. नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे जसजसे आत जावे, तसतसा हा पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. येथे ऊन आणि धूळ यांच्याशीच जास्त गाठ पडते. म्हणजे एकाच वारीत दोन ऋतू भोगावे लागतात.

त्यातच दरवर्षी तिथी तारखेवर सरकते. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला, त्यामुळे २०२४ ची एकादशी १७ जुलैला गेली. गंमत अशी, की २०२३ साली ज्या तारखेला मंडळी चंद्रभागेत स्नान करीत होती, त्याच २९ जूनला २०२४ साली आळंदीहून प्रस्थान झाले! २०२३ साली पालखी ११ जूनला निघाली, आणि मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला तो २५ जूनला. अर्थात त्या साली बहुतेक वाट उन्हातच गेली. म्हणून पंचांग उघडून आधी पाहावे, आपली वारी जूनमध्ये पडते की जुलैमध्ये. वारी लवकर असेल, तर पाणी, टोपी आणि उन्हाचे उपरणे यांना मान द्यावा. उशिरा असेल, तर प्लॅस्टिकचा कागद आणि कोरड्या कपड्याला. पण दोन्हींपैकी एकही अगदी सोडू नये.

तीन जागा

आता मुख्य गोष्ट. सामान किती, यापेक्षाही कोणती वस्तू कोठे, याला वारीत महत्त्व आहे. वस्तू ठेवायला तीन जागा आहेत: अंगावर, खांद्यावर आणि गाडीत. या तीन जागांचे तीन अर्थ नीट समजून घ्यावेत.

अंगावर म्हणजे बंडीच्या आतल्या खिशात, कमरेच्या कशात किंवा गळ्यातल्या बटव्यात. गर्दीत खांद्यावरची पिशवी ओढली गेली, कोठे विसरली, तरी हे आपल्यापाशी राहते. येथे चारच गोष्टी असाव्यात. पहिली, थोडे पैसे, सुट्या नोटांमध्ये. सगळे पैसे एका जागी ठेवू नयेत. दुसरी, आधार कार्डाची छायाप्रत. तिसरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली एक चिठ्ठी. चौथी, औषध चालू असेल त्याला त्या दिवसाचे औषध.

चिठ्ठीवर आपले नाव, गाव, घरच्या माणसाचा फोन, आजार असल्यास तो, चालू औषधांची नावे आणि दिंडीचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहावा. क्रमांक लिहिताना 'रथापुढे' की 'रथामागे' हे शब्द विसरू नयेत. नुसते 'दिंडी क्रमांक १२' म्हटले तर अर्धी माहिती झाली; रथापुढची १२ वेगळी आणि रथामागची १२ वेगळी. चुकलेली म्हातारी माउली पोलीसदादाला "आमची बाराची दिंडी" एवढेच सांगते, आणि मग तिला घेऊन त्याची दोन्हीकडे पायपीट होते. फोन खिशात आहे म्हणून चिठ्ठी टाळू नये. फोनची बॅटरी उतरते, फोन भिजतो, लाखोंच्या गर्दीत तो लागतही नाही. कागदाला यांपैकी एकही रोग नाही.

खांद्यावर म्हणजे दिवसाची पिशवी. तिचा नियम असा, की ट्रक रात्री आलाच नाही तरी या पिशवीवर एक रात्र निभावली पाहिजे. ट्रक न येणे ही काही नवलाची गोष्ट नाही. पालखीमार्गावरची वाहने पुष्कळ ठिकाणी वेगळ्या वाटेने वळवली जातात. कोठे कोंडी होते, कोठे चाक चिखलात रुतते. माणसे तळावर आणि सामान चार कोस मागे, असे होते. त्या रात्री ज्याच्या खांद्यावर कोरडा कपडा आणि अंथरायला कागद आहे तो हरिपाठ म्हणून सुखाने झोपतो. बाकीचे ट्रकाची वाट पाहत बसतात.

या पिशवीत पाण्याची एक लिटरची बाटली, प्लॅस्टिकचा मोठा कागद, एक कोरडा कपडा, उपरणे, मूठ-दोन मुठी शेंगदाणे-गूळ, दोन दिवसांचे औषध, जलसंजीवनीची पाकिटे, लहान विजेरी, पेला, गोपीचंदन-बुक्क्याची डबी आणि हरिपाठाचा गुटका एवढे असावे. टाळकऱ्याने टाळांचे वजन यातच धरावे. पाण्यासह सगळे चार किलोंच्या आत बसवावे. बसत नसेल तर काय काढायचे, ते वर सांगितलेला प्रश्न सांगेल.

पेला का, असे कोणी विचारील. वाटेत गावोगावची मंडळी चहा देतात, सरबत देतात, ताक देतात. प्रत्येक घोटाला एक प्लॅस्टिकचा किंवा कागदाचा पेला घेतला आणि टाकला, तर वारी पुढे जाते आणि मागे ज्यांनी आपल्याला पाजले त्यांच्या शेतात आपला कचरा उडत राहतो. स्टीलचा एक पेला पिशवीत असला की हा दोष आपल्या माथी येत नाही. ताट-वाटीही स्वतःची न्यावी. ती मात्र गाडीत.

गाडीत म्हणजे मुक्कामाचे बोचके. त्यात सतरंजी, पांघरूण, कपड्यांचे जोड, ताट-वाटी-तांब्या, साबण, कपडे वाळवायला दहा-बारा हात दोरी, सुई-दोरा, खोबरेल तेल आणि उरलेले औषध. कपड्यांचा हिशेब सोपा आहे: एक अंगावर, एक दोरीवर, एक कोरडा. तीन जोड पुरतात. चौथा जोड घेणारा वारकरी तो चौथा जोड पंढरपूरपर्यंत इस्त्रीसकट जसाच्या तसा पोहोचवतो. दिंडीप्रमुखांनी वजनाची मर्यादा सांगितली असेल तर ती पाळावी; सांगितली नसेल तर दहा किलोंच्या आत स्वतःच पाळावी. चाकांची बॅग वारीत निरुपयोगी. तिची चाके चिखलात फिरत नाहीत, कोपरे दुसऱ्याच्या बोचक्यात घुसतात, आणि ट्रकात ती रचताही येत नाही. मऊ पिशवी किंवा दोरीने बांधलेली वळकटी हीच खरी.

औषधाची जागा

औषधाविषयी वेगळे सांगणे भाग आहे, कारण येथे चुकीला क्षमा नाही.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, फिट यांपैकी काही असेल, तर सगळे औषध गाडीत टाकून कधीही चालू नये. थोडे अंगावर, दोन दिवसांचे खांद्यावर, उरलेले गाडीत, अशी वाटणी करावी. दम्याचा पंप आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी ही अंगावरच पाहिजे, पिशवीतसुद्धा नको. औषध किती घ्यावे? ज्येष्ठ वद्य अष्टमीपासून आषाढ शुद्ध दशमीपर्यंत साधारण अठरा-एकोणीस दिवस होतात. पौर्णिमेच्या काल्यापर्यंत थांबणाराला आणखी पाच दिवस, परतीचे एक-दोन. म्हणजे पंचवीस दिवसांची गरज; घ्यावे महिन्याचे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत बरोबर असावी, आणि शेजारी चालणाऱ्या एकाला तरी आपला आजार सांगून ठेवावा. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

आता एका दिवसाकडे लक्ष द्या. पुण्याहून सासवडचा टप्पा हा सगळ्यांत लांबचा, तीस किलोमीटरच्या वरचा. त्यातच दिवे घाटाची चढण. आणि हा टप्पा बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येतो. म्हणजे चाल सर्वांत मोठी, आणि पोटात मात्र उपवास. धडधाकट माणसाला हे झेपते. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणारा वारकरी सकाळी औषध घेतो, एकादशी म्हणून काही खात नाही, आणि घाट चढू लागतो. अशाने रक्तातली साखर एकदम उतरते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. लोकांना वाटते, ऊन लागले. खरे तर त्याला त्या क्षणी साखर हवी असते. तो शुद्धीवर असेल तर दोन-तीन चमचे साखर किंवा गोड सरबत ताबडतोब द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता त्याला एका कुशीवर निजवून वैद्यकीय मदत आणावी. अशा प्रत्येक वारकऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे. त्या दिवशी खजूर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे खांद्यावर असावेत, आणि एकादशीला औषध कसे घ्यावे, उपवास करावा की नाही, हे घरून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. देव भावाचा भुकेला आहे. आपल्या भोवळीचा नव्हे.

इन्शुलिन उन्हात तापलेल्या ट्रकात टाकू नये. उष्णतेने त्याचा गुण जातो. बर्फाला लावूनही ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डबीत, सावलीत ठेवावे.

जलसंजीवनीची पाकिटे संपली तर तळावरही ती करता येते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त घालू नये. जुलाब झालेल्याला हे पाणी घोट-घोट देत राहावे.

पाय

वारीचे खरे वाहन पाय. त्यांच्यासाठी फारसे काही न्यावे लागत नाही. पण जे न्यायचे ते योग्य पाहिजे. नवी कोरी वहाण घालून प्रस्थानाला येऊ नये. महिनाभर आधी घालून, घराभोवती, शेतात चालून ती पायाची करून घ्यावी. पट्ट्याची वहाण बरी. चिखलात मागून पट्टा नसलेली चप्पल पायातून निघते. खोबरेल तेल सकाळी बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांना लावले तर काचत नाही. चिखल्या होऊ नयेत म्हणून मुक्कामी पाय धुऊन बेचके कोरडे करावेत. त्यासाठी एक लहान सुती फडके वेगळे ठेवावे. फोड आला तर फोडू नये. स्वच्छ पट्टी बांधावी.

अनवाणी चालण्याचा नेम पुष्कळांचा असतो, आणि त्या नेमाविषयी आदरच आहे. मात्र जुन्या मधुमेहात पायाची जाणीव मंदावते. डांबर भाजते, काच घुसते, आणि माणसाला कळतही नाही. जखम चिघळून बोट गमावण्याची पाळी येते. अशांनी वहाण घालावी, आणि रोज रात्री विजेरीच्या उजेडात तळवे दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. रिंगणात वहाण काढणे वेगळे. अडीचशे किलोमीटर वेगळे.

मायमाउल्यांसाठी

बायकांच्या सामानाचा विचार पुरुषमंडळी करीत नाहीत, म्हणून दोन शब्द. जाड सुती लुगडे पावसात भिजले तर दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. एक तरी हलके, लवकर सुकणारे पातळ असू द्यावे. पाळीचे कपडे किंवा पॅड तारीख जवळ नसली तरी घ्यावेत. श्रमाने तारीख मागेपुढे होते. वापरलेले गुंडाळून ठेवायला जुने कागद घ्यावेत, म्हणजे ते उघड्यावर पडत नाही. चार सेफ्टी पिना आणि आडोशाला धरता येईल अशी एक जुनी चादर. या चादरीचे उपकार दिंडीतल्या सगळ्या बायका मानतात. संकोचाने पाणी कमी पिऊन चालणाऱ्या माउल्या पुष्कळ. त्याने लघवीची आग होते, ताप येतो. पाणी प्यावे, आणि आडोशासाठी एकमेकींना साथ द्यावी.

डोक्यावर तुळस किंवा हंडा घेणाऱ्या माउलीने खांद्यावर पिशवी घेऊच नये. तिची पिशवी शेजारणीने घ्यावी आणि पाळी बदलली की परत करावी. विणेकऱ्याचेही तसेच. वीणा खाली ठेवायची नसते. मग त्याच्या खांद्याला दुसरे ओझे कशाला? त्याचे पाणी आणि कागद जवळच्या टाळकऱ्याने सांभाळावे. मृदंगाला मात्र पावसाचे वेगळे आच्छादन पाहिजेच. ओल्या पुडीतून बोल निघत नाही.

घरी काय ठेवावे

सोन्याचा दागिना घरी ठेवावा. गळ्यात तुळशीची माळ आहे, तेवढा अलंकार वारकऱ्याला पुरे. गर्दीत दागिना गेला तर वारीभर मन त्या चोरामागे चालत राहते. काचेच्या बरण्या, लोणच्याचे तेलकट डबे, जड पितळी भांडी, भरपूर फराळ, हेही घरीच. वाटेवर अन्नाला तोटा नाही. गावेच्या गावे वारकऱ्यांसाठी चूल पेटवून बसलेली असतात. आपण भरलेला डबा घेऊन गेलो तर त्यांची भाकरी शिळी व्हायची.

बांधण्याची रीत

प्रत्येक गोष्ट आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग बोचक्यात. ट्रकावर ताडपत्री असली तरी पाणी आपली वाट काढते. रात्री लागणारे वर, क्वचित लागणारे खाली. पिशवीवर नाव, गाव आणि दिंडीचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहावा, आणि ओळखीची रंगीत चिंधी बांधावी. पहाटेच्या अंधारात दोनशे काळ्या पिशव्या सारख्याच दिसतात. टाळ, पेला, वहाण यांवरही खूण असावी. तळावर समाजआरतीच्या वेळी हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो. खूण असलेली वस्तू तेथे मालकाला लगेच मिळते. बिनखुणेच्या पेल्याला दहा मालक निघतात, नाहीतर एकही नाही.

बांधून झाले की एक परीक्षा घ्यावी. निघण्याच्या आठ दिवस आधी ती खांद्यावरची पिशवी, पाणी भरून, घेऊन दोन कोस चालून यावे. परत आल्यावर पिशवी उघडावी. जे एकदाही आठवले नाही ते काढावे. जे चालताना हवेसे वाटले आणि नव्हते ते घालावे. जेथे पट्टा रुतला तेथे फडके शिवावे.

आणि बोचक्यात थोडी जागा रिकामी ठेवावी. पंढरपुराहून परतताना चुरमुरे, बत्तासे, बुक्का, कुंकू, एखाद-दुसरी माळ यायची असते. ज्यांना येता आले नाही ते गावात त्या प्रसादाची वाट पाहत असतात. जाताना ठासून भरलेल्या पिशवीत येताना प्रसादाला जागा राहत नाही.

सामान कमी केले म्हणजे वैराग्य आले, असा याचा अर्थ नाही. तीन किलोंच्या पिशवीचाही अभिमान होतो, आणि दुसऱ्याचे मोठे बोचके पाहून हसणारा त्या बोचक्यापेक्षा जड ओझे वाहत असतो. एखाद्याने जास्त आणलेच, तर त्याला टोचून न बोलता त्याची वळकटी एक दिवस उचलू लागावी. पुढच्या वर्षी तो आपसूक कमी आणील. ज्याच्या पिशवीत जागा आहे त्याला वाटेत दुसऱ्याचा भार घेता येतो, आणि ज्याचे हात मोकळे आहेत त्याला दुसऱ्याला हात देता येतो. वारीचे सामान हलके करायचे ते एवढ्यासाठी.

तेव्हा मंडळी, ज्येष्ठ वद्य जवळ येण्याची वाट न पाहता आजच पिशवी खाली काढावी, औषधाची यादी करावी, चिठ्ठी लिहावी. वाखरीच्या तळावर भेट होईलच.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!